दुधाच्या पेल्यात झोप किती?

परीक्षेचे दिवस जवळ आले की घरोघरी दोन प्रकारच्या चिंता सुरू होतात. पुस्तक उघडताच मुलास झोप येते ही एक, आणि दिवा मालवून अंथरुणावर पडल्यावर त्याच मुलास झोप येत नाही ही दुसरी. पहिलीवर चहा-कॉफीचा उपाय पूर्वीपासून चालत आला आहे. दुसरीवर मात्र अलीकडे बाजारात नाना प्रकारचे डबे, बाटल्या आणि पुड्या येऊ लागल्या आहेत. एकीवर चेरीचे चित्र, दुसरीवर अश्वगंधाचे, आणि ‘नैसर्गिक’ हा शब्द बहुतेक सर्वांवर ठळक अक्षरांत. आजीच्या हातचे जायफळ घातलेले दूध तर ह्या सर्वांहून जुने. ह्या पदार्थांची शास्त्रज्ञांनी काय परीक्षा केली आणि तीत काय आढळले, ते येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

दुधापासूनच आरंभ करू. दुधातील प्रथिनांत ट्रिप्टोफॅन नावाचे एक अमिनो आम्ल असते. हॉपकिन्स आणि कोल ह्या इंग्रज शास्त्रज्ञांनी 1901 साली ते वेगळे करून दाखविले. आपले शरीर ट्रिप्टोफॅनपासून सिरोटोनिन आणि सिरोटोनिनपासून मेलाटोनिन बनविते. आणि मेलाटोनिन हे रात्र झाल्याची वर्दी शरीरास देणारे द्रव्य होय. येथवरचे सारे खरे आहे. जाहिरातीही नेमक्या येथेच थांबतात. पुढचा प्रश्न ‘किती?’ हा, आणि तो विचारल्यावाचून विज्ञान पुढे जात नाही. ट्रिप्टोफॅनमुळे झोप लवकर लागते असे ज्या प्रयोगांत दिसले, त्यांत ते शुद्ध स्वरूपात बहुधा 1 ग्रॅम वा त्याहून अधिक दिलेले होते. पेलाभर दुधात ते सुमारे 100 मिलिग्रॅम, म्हणजे त्याच्या दहाव्या हिश्श्याइतके असते. बरे, कोणी हट्टाने दहा पेले दूध प्याला तरी हिशेब जुळत नाही. रक्तातून मेंदूत शिरण्याची वाट अरुंद असून दुधातीलच इतर अमिनो आम्ले त्याच वाटेवर गर्दी करतात. ट्रिप्टोफॅन त्यांच्या मानाने थोडे, म्हणून ते मागे राहते. फर्नस्ट्रॉम आणि वुर्टमन ह्या अमेरिकन शास्त्रज्ञांनी 1971 व 1972 साली उंदरांवर प्रयोग करून ही गोष्ट उलगडली. तेव्हा दूध हे उत्तम अन्न खरे, पण ट्रिप्टोफॅनच्या जोरावर ते झोप आणते, हे म्हणणे टिकत नाही.

मेलाटोनिनची कथा मनोरंजक आहे. अमेरिकेतील येल विद्यापीठात एरन लर्नर नावाचे एक त्वचारोगतज्ज्ञ होते. बेडकाच्या कातडीचा रंग फिका करणाऱ्या एका द्रव्याच्या शोधात असता त्यांनी 1958 साली गुरांच्या मेंदूतील पिनियल ग्रंथींपासून ते वेगळे केले. शोध चालला होता कातडीच्या रंगाचा, आणि हाती लागले रात्रीचे द्रव्य! पुढे हेच द्रव्य वनस्पतींतही सापडले. आंबट चेरीच्या एका जातीत ते दर ग्रॅममागे सुमारे 13 नॅनोग्रॅम असल्याचे 2001 साली प्रसिद्ध झाले, आणि चेरीच्या रसास एकाएकी मोल चढले. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. मेलाटोनिनच्या लहानशा गोळीतदेखील अर्धा मिलिग्रॅम द्रव्य असते. आता विद्यार्थ्यांनी स्वतःच त्रैराशिक मांडून पाहावे : एका गोळीची बरोबरी करावयास सुमारे 38 किलो चेरी खाव्या लागतील. तथापि ह्या रसाचे माणसांवर प्रयोग झाले आहेत, हेही सांगितले पाहिजे. 2012 साली इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात 20 माणसांस सात दिवस हा रस आणि सात दिवस तशाच चवीचे दुसरे पेय दिले. रसाच्या दिवसांत झोप काहीशी वाढली. प्रयोगाची पद्धत चोख होती, परंतु माणसे वीसच, आणि तीही निद्रानाशाचे रोगी नव्हेत.

तशाच चवीचे खोटे पेय कशासाठी, असे कोणी विचारील. झोप ही मनाच्या अधीन असलेली गोष्ट आहे. ‘हे घे, आता झोप लागेल’ एवढे आईने म्हटले तरी मुलाचा जीव निम्मा शांत होतो. तो परिणाम आईच्या शब्दाचा की पेल्यातील पदार्थाचा, हे खोट्या पेल्यावाचून कळत नाही. तैवानमध्ये 2011 साली 24 माणसांनी झोपण्यापूर्वी एक तास दोन किवी फळे, अशी चार आठवडे खाल्ली. त्यांस झोप लागण्याचा वेळ सुमारे एकतृतीयांशाने घटला. किवी विकणारे हा आकडा आनंदाने सांगतात. पण त्या प्रयोगात तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता.

ह्या बाबतीत आम्हांस सर्वांत उद्बोधक वाटला तो 1980 साली कर्स्टिन ॲडम ह्या संशोधिकेने प्रसिद्ध केलेला निष्कर्ष. झोपण्यापूर्वी काही खाण्यापिण्याची ज्यांस सवय होती, त्यांची झोप ती सवय पाळली असता अधिक स्वस्थ राहिली. ज्यांस सवय नव्हती, त्यांस काही न घेणेच मानवले. आजीच्या दुधाचे रहस्य दुधापेक्षा रोजच्या त्या वेळेत असावे, असे आमचे मत ह्यावरून झाले आहे.

आता आपल्या माळव्याकडे वळू. मंदसौर आणि नीमच ह्या जिल्ह्यांत अफू आणि अश्वगंधा ही दोन्ही पिके होतात. अफूचे अर्थातच सरकारी परवान्याने. अफूच्या बोंडातील दाणे म्हणजेच आपली खसखस. गुंगी आणणारा चीक बोंडाच्या सालीत असतो, दाण्यात नव्हे. काढणीच्या वेळी दाण्यांस तो किंचित चिकटतो आणि धुतल्या-भाजल्याने बराच निघून जातो. खसखशीच्या खिरीनंतर जी पेंग येते तिचा दोष खसखशीवर टाकण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्यावे की, दुपारची सुस्ती न जेवलेल्या माणसासही येते. शरीराच्या घड्याळातच तशी योजना आहे. अश्वगंधाच्या शास्त्रीय नावातच ‘निद्रा आणणारी’ असा लॅटिन शब्द आहे. त्याच्या मुळांच्या अर्कावरील पाच प्रयोगांचा, मिळून 400 माणसांचा, आढावा 2021 साली प्रसिद्ध झाला. त्यात थोडा पण खरा लाभ दिसला. वर सांगितलेल्या पदार्थांत हा पुरावा त्यातल्या त्यात बरा. मात्र अश्वगंधाच्या सेवनानंतर यकृतास इजा झाल्याचीही उदाहरणे नोंदली गेली आहेत, आणि डेन्मार्कने 2023 साली त्यावर बंदी घातली. मुलांनी ते वैद्याच्या वा डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून घेऊ नये.

राहिले जायफळ. पुर्किन्ये ह्या प्रसिद्ध शरीरशास्त्रज्ञाने 1829 साली स्वतः तीन जायफळे खाऊन पाहिली. त्यांस झोप आली, पण तीत भ्रम होता. सबंध जायफळ पोटात गेल्यास मळमळ, छातीत धडधड आणि भास होतात. ही झोप नव्हे, विषबाधा होय. पुरणपोळीतील वा श्रीखंडातील चिमूट निरुपद्रवी असते. तान्ह्या बाळास झोप लागावी म्हणून सहाणेवर जायफळाचे वळसे देणे मात्र धोक्याचे आहे. मोठ्यांची चिमूट ती बाळाची मोठी मात्रा ठरू शकते, आणि शांत झोपलेले बाळ व गुंगीत पडलेले बाळ पाहणाऱ्यास सारखेच दिसते. ह्या एका बाबतीत आजीचा शब्द मोडावा लागला तरी मोडावा.

आमच्याकडे पाहुण्यांस रात्रीच्या जेवणानंतर जायफळ घातलेली कॉफी देण्याचा प्रघात आहे. जायफळाने म्हणे झोप छान लागते. कॉफीतील कॅफीन मोठ्या माणसाच्या रक्तातून निम्मे होण्यास सुमारे पाच तास लागतात. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात झोपण्याच्या सहा तास आधी 400 मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे चार कप कडक कॉफीइतके, कॅफीन दिले असता झोप एका तासाहून अधिक घटली. आणि तेथे तुलनेसाठी खोटी गोळीही होती. त्या कपातील जायफळाची चिमूट असून नसून सारखीच. पाहुणे मध्यरात्री कूस बदलत पडले, तर त्यांस जागे ठेवणारा पदार्थही त्याच कपात होता.