विजेच्या गाडीचे पुनरागमन

मुंबईच्या रस्त्यावर ९ मे १८७४ या दिवशी पहिली ट्राम धावली, तेव्हा तिला घोडे जुंपलेले होते. पुढे ७ मे १९०७ रोजी घोड्यांची जागा विजेने घेतली. माथ्यावरच्या तारेतून वीज घेऊन ही गाडी चाले व तिच्यातून धूर मुळीच निघत नसे. मात्र रूळ जिकडे नेतील तिकडेच तिला जावे लागे. १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी मोटारबस सुरू झाली. तिला रुळांचे बंधन नव्हते. साहजिकच लोकांचा ओढा तिच्याकडे वळला. ३१ मार्च १९६४ च्या रात्री शेवटची ट्राम बोरीबंदराहून दादरला गेली.

बसने मोकळीक दिली खरी, पण तिचे मोल शहराच्या फुप्फुसांना द्यावे लागले. डिझेलच्या धुरात काजळीचे अतिसूक्ष्म कण असतात. ते श्वासाबरोबर थेट फुप्फुसांच्या तळापर्यंत जातात. हा धूर कर्करोगास कारण होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली जाहीर केले. प्रवासी या धुरातून घटकाभर जातो. चालक, वाहक आणि चौकातला पोलीस यांचा सारा दिवस त्यातच जातो.

बेस्ट उपक्रमाने २०१७ साली विजेच्या पहिल्या बसगाड्या रस्त्यावर आणल्या. या गाड्यांना ना रूळ लागतात, ना तार. त्या आपली वीज बॅटरीत साठवून बरोबर नेतात. सिग्नलपाशी डिझेलची बस उभी असली, तरी तिचे इंजिन धडधडत राहते आणि इंधन जळत राहते. विजेची मोटर मात्र गाडीबरोबर थांबते. त्याहून नवल पुढेच आहे. गाडीचा वेग आवरताना फिरती चाकेच मोटरला फिरवतात, मोटर जनित्र बनते आणि थोडी वीज बॅटरीत परत जाते. वरचेवर थांबणाऱ्या बसला याचा लाभ विशेष होतो.

फेब्रुवारी २०२३ मध्ये विजेवरची वातानुकूलित दुमजली बस सुरू झाली. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला जुन्या लाल दुमजली बसची अखेरची फेरी अंधेरीत झाली. तिला निरोप देण्यास आलेल्यांचे डोळे पाणावले, आणि त्यात वावगे काही नव्हते.

बदल सोपा मात्र नाही. डिझेल काही मिनिटांत भरता येते, बॅटरी भरण्यास पुष्कळ अधिक वेळ लागतो. त्यासाठी आगारात जागा हवी, जाड तारा हव्यात, रात्रीच्या वेळेचे काटेकोर गणित हवे. चीनमधील शेन्झेन शहराने हे गणित सोडवले. २०१७ च्या अखेरीस तेथील सोळा हजारांहून अधिक बसगाड्या विजेवर धावू लागल्या होत्या.

आणखी एक प्रश्न उरतोच. आगारात येणारी वीज कोठून येते? खोपोली, भिवपुरी व भिरा येथे सह्याद्रीवरून कोसळणाऱ्या पाण्यावर जनित्रे फिरतात, तर ट्रॉम्बे व डहाणू येथे कोळसा जळतो. डिझेलच्या इंजिनात निम्म्याहून अधिक ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. विजेच्या मोटरीत फारच थोडी. तरीही कोळशाच्या विजेवर धावणाऱ्या बसचा धूर नाहीसा होत नाही, तो चौकातून उठून दूरच्या धुराड्यात जातो. पाणी, वारा आणि ऊन यांपासून मिळणाऱ्या विजेचा वाटा जसजसा वाढेल, तसतसा तो तेथूनही कमी होईल.