पिकअपच्या मागचा भोपळा



सिग्नलला आपली गाडी एखाद्या पिकअप ट्रकच्या मागे थांबली, की त्याच्या पोटाखाली जरा वाकून पाहा. मागच्या दोन चाकांच्या मध्ये एक फुगीर लोखंडी गोळा दिसेल. इकडचे मेकॅनिक त्याला 'पंपकिन' म्हणतात, म्हणजे आपला भोपळा! या भोपळ्याचे खरे नाव डिफरन्शियल. त्याच्या मागच्या बाजूला बोल्टने बसवलेले एक झाकण असते. हे झाकण बदलण्याच्या भानगडीत मी गेल्या उन्हाळ्यात पडलो. मी पोटासाठी कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम लिहीत असलो तरी पदवी मेकॅनिकल इंजिनिअरिंगची आहे, त्यामुळे "यात काय मोठेसे!" असे मला वाटत होते. पुढे काय झाले ते सांगतोच, पण आधी भोपळ्याच्या आत काय असते ते पाहू.

एक खेळ करून पाहा. रविवारी मधल्या सुट्टीत पाच जणांनी हात धरून एका रांगेत उभे राहा आणि रांग न मोडता वळा. आतल्या टोकाचा मुलगा जागच्या जागी पावले टाकतो आणि बाहेरच्या टोकाच्या मुलाला पळावे लागते. गाडीच्या चाकांचेही तसेच आहे. दोन चाकांमध्ये साडेपाच फूट अंतर असेल, तर काटकोनात एकदा वळताना बाहेरचे चाक आतल्यापेक्षा साधारण ८.६ फूट जास्त चालते. बैलगाडीला ही अडचण नाही, कारण तिचे प्रत्येक चाक आसावर आपापले मोकळे फिरते. पण इंजिनाने दोन्ही चाके एकदम फिरवायची असतील तर काय करायचे? दोन्ही चाके एकाच दांड्याला घट्ट बसवली तर वळताना एक चाक घासत जाईल. यावरचा उपाय म्हणजे डिफरन्शियल. फ्रान्समधील ओनेसिफोर पेकर या घड्याळजीने १८२७ साली वाफेच्या गाडीसाठी त्याचे पेटंट घेतले. घड्याळ बनवणाऱ्यालाच दातेरी चाकांची अशी गंमत सुचावी, यात नवल नाही.

इंजिनाकडून येणाऱ्या लांब दांड्याच्या टोकाला एक लहान दातेरी चाक असते, ते पिनियन. ते एका मोठ्या दातेरी चाकाला फिरवते. त्याला इथे 'रिंग गिअर' म्हणतात, आणि आपल्याकडच्या गॅरेजात या जोडीला 'क्राउन-पिनियन' म्हणतात. मोठ्या चाकाबरोबर फिरणाऱ्या पेटीत आणखी काही छोटी दातेरी चाके असतात. ती डाव्या आणि उजव्या चाकाला जोर सारखा देतात, पण वेग मात्र ज्याचा त्याला ठेवू देतात. म्हणूनच एक चाक बर्फावर असले की ते नुसते गरगर फिरते आणि गाडी हलत नाही. बर्फावरच्या चाकाला जेवढा थोडा जोर लागतो, तेवढाच दुसऱ्यालाही मिळतो! मिशिगनमध्ये राहणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

ही सगळी चाके घट्ट तेलात बुडालेली असतात. गाडी पुढे जाताना मोठे चाक खालून तेल उचलते, मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूने वर नेते आणि माथ्यावरून पुढे पिनियनच्या बेअरिंगकडे फेकते. आत कुठलाही पंप नाही. मोठे चाक हाच पंप आणि झाकणाचा गोलवा हीच त्या तेलाची वाट. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे ती उपयोगी पडणार आहे.

आता आमची गोष्ट. आमचा पिकअप २००८ सालचा, जुनाच घेतलेला. हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाने मूळचे पातळ पत्र्याचे झाकण गंजून त्यातून तेल पाझरू लागले होते. माझा सोळा वर्षांचा मुलगा म्हणाला, "बाबा, नुसतं बदलू नका, चांगलं घेऊ या!" त्याने चित्रे दाखवली. जाड ॲल्युमिनियमचे ओतीव झाकण, त्यावर पंखांसारख्या पट्ट्या, तेल काढायला खाली वेगळा बूच, लोखंडाचा कीस पकडायला लोहचुंबक. किंमत दोनशे वीस डॉलर. त्यातले शंभर त्याने स्वतःच्या उन्हाळी नोकरीच्या पैशातून द्यायचे कबूल केले. मग मला नाही म्हणवेना.

अशा झाकणांचा उपयोग किती? माझे मत सांगतो.

पहिले, मजबुती. जाड झाकण दगडाच्या माराने सहज चेपत नाही, आणि ॲल्युमिनियम पत्र्यासारखे तांबेरत नाही. हा फायदा खरा.

दुसरे, खालचा बूच. पुष्कळ ट्रकच्या मूळच्या भोपळ्याला तेल काढायला बूचच नसतो. प्रत्येक वेळी सगळे झाकण उघडावे लागते, म्हणून लोक तेल बदलायचेच टाळतात. हा फायदा मला सगळ्यात मोठा वाटतो.

तिसरे, जास्त तेल आणि थंडावा. इथे जरा सावध राहावे. मोठ्या पातेल्यातले पाणी उकळायला वेळ जास्त लागतो, पण गॅस चालू ठेवला तर शेवटी तेही उकळतेच. जास्त तेल उशिरा तापते एवढेच. लांबच्या चढावर जड ट्रेलर ओढणाऱ्याला त्याचा उपयोग आहे, पण ऑफिसला जाऊन येणाऱ्याला नाही.

चौथे, आतला आकार. बाहेरून दिसायला रुबाबदार अशी काही झाकणे आतून सपाट असतात. गोल वाट मोडली की तेल आपटते आणि त्याचा फेस होतो, आणि बेअरिंगला तेलाऐवजी फेस मिळतो. कॅलिफोर्नियातील गेल बँक्स या नामवंत इंजिनिअरच्या कंपनीने २०१९ च्या सुमारास व्हिडिओंमधून हाच मुद्दा मांडला होता. त्यांची कंपनी स्वतःही झाकणे विकते हे ध्यानात ठेवावे, पण मुद्दा विचार करण्यासारखा आहे. आमचे झाकण आतून गोल होते.

एका शनिवारी आम्ही कामाला लागलो. जमीन सपाट पाहिली, ट्रक भक्कम स्टँडवर ठेवला. (मुलांनो, नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरायचे नाही. मोठ्यांनीसुद्धा नाही!) आधी तेल भरायचा बूच उघडून पाहिला, कारण तेल सांडून गेल्यावर तो गंजून बसला आहे असे कळले तर ट्रक जागचा हलवता येत नाही. मग दहा बोल्टपैकी वरचे दोन सैल ठेवून बाकीचे काढले आणि झाकण हळूच ढिले केले. काळेकुट्ट, करपट वासाचे तेल परातीत पडले. चिमटीत धरून पाहिले. राखाडी गाळ होता, तो चालतो. दाताचा तुकडा निघाला असता तर काळजीचे कारण होते. सगळे पुसून, नवे सिलिकोन लावून झाकण बसवले, बोल्ट पुस्तकात दिलेल्या मापाने आवळले आणि सिलिकोन सुकू दिले.

मग नवे तेल. मुलगा झाकणाबरोबर आलेला कागद वाचत होता. तो म्हणाला, "बाबा, यात क्वार्ट मोजून घालायला सांगितलंय." मी म्हणालो, "अरे, भोकापर्यंत भरायचं असतं. मी इंजिनिअर आहे!" आणि भोकापर्यंत भरले.

दोन आठवड्यांनी ट्रेलर जोडून आम्ही मॅकिनॉ पुलाकडे निघालो. हायवेवर तासाभराने जळकट वास येऊ लागला. बाजूला थांबून पाहिले, तर भोपळ्याच्या वरच्या हवेच्या नळीतून तेलाचा फेस बाहेर येऊन सायलेन्सरवर टपकत होता. नव्या झाकणाचे भोक जुन्यापेक्षा वर होते, आणि मी सव्वा क्वार्ट तेल जास्त घातले होते. तेच तेल आसाच्या नळीतून ब्रेकवर गेले असते तर? मागे ट्रेलर होता आणि गाडीत चौघे होतो. आजही तो विचार आला की अंगावर काटा येतो.

मुलगा काही बोलला नाही. त्याने ट्रकमधून तो कागद काढला आणि माझ्या हातात दिला. जवळच्या गावात परात आणि पाना विकत घेऊन आम्ही जादा तेल काढले. खालचा बूच इथे कामाला आला! त्या दिवशी मला भोपळ्याच्या परीक्षेत भोपळाच मिळाला, आणि पैकीच्या पैकी मार्क मुलाला. मी तसे त्याला सांगितलेही. सांगायला थोडे जड गेले.

पालकांना एक विनंती. मुले इथली भाषा, इथल्या सूचना आपल्यापेक्षा नीट वाचतात. ती काही सांगू लागली, तर पदवी बाजूला ठेवून ऐकावे. आणि जुने तेल गटारात न ओतता तेल परत घेणाऱ्या दुकानात द्यावे.

मुलांनो, तुमच्यातले कितीतरी जण पुढे अशा गाड्या चालवाल की ज्यांत भोपळाच नसेल. रिव्हियनच्या चार मोटरच्या इलेक्ट्रिक पिकअपमध्ये प्रत्येक चाकाला स्वतःची मोटर आहे. म्हणजे पुन्हा बैलगाडीसारखेच, ज्याचे चाक त्याच्यापुरते!

शब्द शिकू या: आस, दातेरी चाक, वंगण, झाकण, बूच, पाना, लोहचुंबक, गंज. प्रत्येक शब्दाचे एक वाक्य तयार करा.

डोके चालवा: पिकअपने देवळाला एक पूर्ण प्रदक्षिणा घातली. चाकांमधले अंतर साडेपाच फूट. बाहेरचे चाक आतल्यापेक्षा किती फूट जास्त चालेल? आणि देऊळ दुप्पट मोठे असेल तर? उत्तर पुढच्या अंकात. आईबाबांना विचारायचे नाही, त्यांना तुम्ही सांगायचे!