अबोला आणि समुपदेशन

नवरा-बायकोचे बिनसले की आपल्या वस्तीत दोनच उपाय सुचविले जातात. वडीलधाऱ्यांची बैठक, नाही तर सोडचिठ्ठी. समुपदेशन हा तिसरा उपाय आहे. पण ते वेड्यांसाठी असते, असा गैरसमज शिकलेल्या माणसांतही आढळतो.

दुखले-खुपले की मूल ज्याच्याकडे धावते, तो त्याला कुशीत घेतो की झिडकारतो, यावरून ते जवळच्या माणसांशी वागण्याची रीत शिकते. हा विचार इंग्लंडचे मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी मांडला. त्यांच्या सहकारी मेरी एन्सवर्थ यांनी वर्षभराच्या मुलांचे निरीक्षण केले. आई काही मिनिटे बाहेर जाऊन परतली की बरीच मुले तिला बिलगून शांत होत, काही रडतच राहत, तर काही तिच्याकडे पाहतही नसत. न रडणाऱ्या मुलाला आपण शहाणे म्हणतो. परंतु पुढे अशा मुलांच्या हृदयाचे ठोके मोजले, तेव्हा तेही वाढलेले आढळले!

असे मूल पुढे नवरा होते. बायको चिडली की तो गप्प बसतो. याला माझी पर्वा नाही असे वाटून ती आवाज चढवते, की तो आणखी गप्प. (कधी उलटही असते.) जॉइंट खात्याच्या फॉर्मवर शेजारी उभे राहून सह्या करणारी, पण एकमेकांशी चकार शब्द न बोलणारी जोडपी मी बँकेच्या खिडकीतून वर्षानुवर्षे पाहतो आहे.

कॅनडात सू जॉन्सन व लेस्ली ग्रीनबर्ग यांनी १९८० च्या दशकात याच फेऱ्यासाठी उपचारपद्धती तयार केली. त्यात समुपदेशक निवाडा देत नाहीत. ‘ती ओरडली त्या क्षणी तुम्हाला काय झाले?’ असे विचारतात. ‘राग आला’ हे ठरलेले उत्तर. ते तेथेच थांबून खोदतात, तेव्हा ‘मी हिला कधीच पुरा पडत नाही’ ही भीती बाहेर येते. ती त्याने बायकोकडे पाहून बोलायची, तिने ऐकायची. नुसते पटून सवय मोडत नाही. बोललो तरी झिडकारले गेलो नाही, हा अनुभव पुन्हा पुन्हा यावा लागतो. साधारण ८ ते २० बैठका लागतात.

मारहाण चालू असेल तेथे मात्र हा उपाय नव्हे. तेथे आधी बाईची सुरक्षितता. ‘दोघांनी समजून घ्या’ म्हणणाऱ्या बैठकांनी आपल्याकडे पुष्कळ नुकसान केले आहे.

केंद्र शासनाची टेली-मानस ही विनामूल्य दूरध्वनी सेवा २०२२ पासून रात्रंदिवस चालू आहे. क्रमांक १४४१६. मराठीतून बोलता येते, आणि जोडीदार तयार नसला तरी एकट्याने फोन करता येतो.