पटावर एक डाव, खेळणारे शेकडो

आमच्या ऑनलाइन क्लबात नव्याने आलेल्या एका मुलीने परवा विचारलं, "इतके जण मिळून एकच डाव खेळतात, मग खेळी ठरवतं कोण?" विषय माझ्या फार आवडीचा, म्हणून इथेच लिहितोय.

या प्रकाराला व्होट चेस म्हणतात. प्रत्येक खेळीला ठरावीक मुदत, बहुधा एक-दोन दिवस. तेवढ्यात संघात चर्चा करायची आणि मत द्यायचं. मुदत संपली की सर्वाधिक मतांची खेळी पटावर.

खरी मेख इथे आहे. निम्म्याहून जास्त मतं लागत नाहीत. समजा, घोडा वाचवायला हवा हे बारा जणांना पटलंय. पण सहा जण त्याला डी२वर नेतात, सहा ई१वर. तिकडे सात जणांनी घाईघाईत वजिराने शह दिला, की शहच खेळला जातो! म्हणून आधी चर्चा वाचा, मगच मत द्या.

१९९९ साली गॅरी कास्पारोव्ह ५० हजारांहून अधिक लोकांच्या 'जागतिक संघा'शी असाच खेळला. या संघाला खेळ्या सुचवणाऱ्या सल्लागारांपैकी इरिना क्रश तेव्हा अवघी १५ वर्षांची. दहाव्या खेळीला तिने वजीर ई६वर न्यायला सुचवलं: दोन प्याद्यांवर एकदम मारा! लोकांना पटलं. कास्पारोव्ह जिंकला, पण ६२ खेळ्या झुंजून. माझ्या मते क्रशची ती खेळी प्रत्येकाने पटावर मांडून पाहावी.

२०२५मध्ये तर १ लाख ४३ हजार जणांनी मॅग्नस कार्लसनला बरोबरीत रोखलं.

तुमच्या संघात मतं फुटतात का? काहीही विचारा, सांगतो.