यकृताचा कर्करोग आणि चुंबकी कण

गैरसमज : शिरेतून दिलेले चुंबकी कण कर्करोगाच्या गाठीत शिरतात, म्हणून एमआरआयमध्ये गाठ उठून दिसते.

वस्तुस्थिती : गाठ उठून दिसते, पण कारण नेमकं उलटं आहे. रक्तातला केरकचरा गिळायला यकृतात कुफर पेशी असतात. आयर्न ऑक्साइडचे कणही त्याच गिळतात आणि निरोगी यकृत चित्रात काळं पडतं. गाठीत या पेशी बहुधा नसतात; ती कोरी राहते, म्हणून दिसते. सुरुवातीच्या काही गाठींत मात्र कुफर पेशी शिल्लक असतात, आणि तिथे ही युक्ती फसते. अशा कणांचं 'फेरिडेक्स' हे औषध अमेरिकेत १९९६ साली मंजूर झालं. पुढे गॅडोलिनियमयुक्त औषधं रुळली आणि ते बाजारातून गेलं.

गैरसमज : अंगात लोखंड गेलं म्हणजे विषबाधा.

वस्तुस्थिती : फेरिडेक्सची मात्रा किलोमागे ०.५६ मिलिग्रॅम लोह, म्हणजे ६० किलोच्या माणसाला जेमतेम ३४ मिलिग्रॅम. रक्ताच्या एका पिशवीतून दोनशेच्या वर जातं! शरीर हे लोह हिमोग्लोबिनसाठी वापरून टाकतं. अशा औषधांची तीव्र अ‍ॅलर्जी येऊ शकते, धोका तो आहे.

गैरसमज : चुंबक लावला की हेच कण जनुक थेट कर्कपेशीत पोचवतात.

वस्तुस्थिती : प्रयोगशाळेतल्या बशीत हे बऱ्यापैकी जमतं. डीएनएवर ऋण भार असतो. कणांना पॉलिइथिलीनइमाइनचा धनभारित लेप दिला की डीएनए त्यांना चिकटतो. बशीखाली चुंबक ठेवला की कण काही मिनिटांत पेशींवर येऊन बसतात. म्युनिकमधल्या ख्रिस्तियान प्लांक यांच्या गटानं २००२ साली या तंत्राला 'मॅग्नेटोफेक्शन' म्हटलं. पण चुंबकाचं काम दारापर्यंतच. आत घेते ती पेशी, आणि गिळताना बनलेल्या पिशवीतून सुटून केंद्रक गाठणं डीएनएला क्वचितच साधतं. शिवाय हा लेप जास्त झाला तर पेशीच मरतात.

बशीत अंतर मिलिमीटरांचं. माणसाचं यकृत बरगड्यांआड, आणि चुंबकाची ओढ अंतराबरोबर झपाट्यानं घटते. अशा प्रयोगांच्या बातम्यांत 'यकृताच्या कर्कपेशी' म्हणून येणाऱ्या हेप-जी-२ पेशीही एका १५ वर्षांच्या मुलाच्या गाठीतून आल्या. ती गाठ प्रौढांच्या नेहमीच्या यकृत-कर्करोगाची नव्हे, लहान मुलांत आढळणाऱ्या हिपॅटोब्लास्टोमाची होती, हे बऱ्याच उशिरा स्पष्ट झालं.

चुंबकी कणांनी जनुक पोचवून यकृताचा कर्करोग बरा करणारा मान्यताप्राप्त उपचार आज नाही. त्यासाठी कुणी पैसे मागितले, तर देऊ नका.