शेळीला क्षयाची लस का नाही?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, नळदुर्ग आणि आसपासच्या वाड्या-वस्त्यांवर शेळ्यांच्या लसीकरणाला गेलं की एक प्रश्न हमखास कानावर येतो. ‘डॉक्टर, लेकरू जन्मलं की दवाखान्यात त्याला टीबीची लस टोचतात. मग आमच्या शेरडांना का नाही?’ प्रश्न साधा आहे, पण उत्तर थोडं लांबचं आहे. आज त्याविषयीच बोलणार आहे.

आधी एक समज दूर करू. शेळीला क्षय होतच नाही, असं आपल्याकडे पुष्कळजण मानतात. आयुर्वेदात क्षयरोग्याला शेळीचं दूध सांगितलं आहे, त्यावरूनही हा समज पक्का झाला असावा. वस्तुस्थिती अशी की शेळीला क्षय होतो. गाईगुरांत आढळणारा क्षयाचा जंतू, ‘मायकोबॅक्टेरियम बोव्हिस’, शेळीलाही लागतो. युरोपात तर खास शेळ्यांत आढळणाऱ्या एका भाऊबंद जंतूला ‘कॅप्री’ असं नावच दिलेलं आहे. क्षय झालेल्या माणसाकडूनही तो जनावराला लागू शकतो. म्हणजे ही वाट दोन्ही बाजूंनी चालती आहे.

आता लसीकडे वळू. माणसाला देतात ती बीसीजी लस मुळात जनावराच्याच जंतूपासून तयार झाली. फ्रान्समधले काल्मेत आणि गेराँ या दोघांनी गाईतला क्षयजंतू प्रयोगशाळेत पुन्हा पुन्हा वाढवून तब्बल 13 वर्षांत दुबळा केला. त्यातले गेराँ पशुवैद्य होते. 1921 मध्ये ही लस पहिल्यांदा एका बाळाला दिली गेली. मग जनावराच्या जंतूपासून झालेली लस जनावरालाच का नाही?

याचं पहिलं कारण तपासणीत आहे. जनावराला क्षय आहे का, हे पाहण्यासाठी कातडीत ट्युबरक्युलिन टोचतात आणि 72 तासांनी तिथं सूज आली का ते मोजतात. बीसीजी टोचलेल्या निरोगी शेळीलाही तशीच सूज येऊ शकते. मग आजारी कोण आणि लस घेतलेली कोण, हे ओळखायचं कसं? ज्या देशांनी तपासणी करून बाधित जनावरं कळपातून काढण्याचा मार्ग धरला, त्यांना ही अडचण मोठी वाटली. दोन्हींत फरक दाखवणाऱ्या नव्या चाचण्या शास्त्रज्ञांनी तयार केल्या आहेत, पण त्या अजून गावच्या दवाखान्यापर्यंत आलेल्या नाहीत.

दुसरं कारण लसीच्या ताकदीचं. स्पेनमध्ये शेळ्यांवर बीसीजीचे प्रयोग झाले. लस दिलेल्या शेळ्यांच्या फुप्फुसात गाठी कमी झाल्या, पण रोग पूर्णपणे थांबला नाही. माणसातही असंच आहे. बीसीजी लहान मुलांना मेंदूच्या क्षयासारख्या गंभीर प्रकारांपासून चांगलं वाचवते, मोठ्यांच्या फुप्फुसाच्या क्षयाला मात्र तिचा भरवसा देता येत नाही. त्यामुळे आपल्याकडे शेळ्यांना क्षयाची लस देण्याची पद्धत नाही. कुणी तशी लस विकायला आलं, तर पैसे देऊ नका.

मग करायचं काय? पहिली गोष्ट, दूध उकळल्याशिवाय पिऊ नका. धारोष्ण दूध पिण्याची हौस पुष्कळांना असते, पण कच्च्या दुधातून क्षयाचे जंतू पोटात गेले तर आतड्याचा किंवा मानेतल्या गाठींचा क्षय होऊ शकतो. उकळलेल्या दुधात ते मरतात. दुसरी गोष्ट, बोकड कापल्यावर फुप्फुसात पिवळसर, चुनखडीसारख्या गाठी दिसल्या तर ते फुप्फुस खाऊ नका, कुत्र्यालाही टाकू नका, खोल पुरा. तिसरी गोष्ट, घरात कुणाला क्षयाचा औषधोपचार चालू असेल, तर त्या माणसानं शेळ्यांच्या खोपटात झोपू नये आणि आपण जनावरं पाळतो हे डॉक्टरांना जरूर सांगावं. जनावराकडून येणाऱ्या बोव्हिस जंतूवर पायराझिनामाइड हे नेहमीचं औषध चालत नाही, म्हणून ही माहिती डॉक्टरांच्या उपयोगाची असते.

आणि शेळी खंगत चालली म्हणजे तिला क्षयच झाला, असं समजू नका. जंत, अपुरा चारा किंवा जोन्स नावाचा आतड्याचा रोग, यांनीही शेळी अशीच वाळते. आधी लेंड्या तपासून घ्या.

उस्मानाबादी शेळीचं हे माहेर. काळी, काटक, बऱ्याचदा जुळी करडं देणारी. कोरडवाहू घरात मुलांची फी, दवाखाना, सणवार या दोन-चार शेळ्यांवरच निघतात. या शेळ्यांना आठवड्याभरात संपवणारा रोग क्षय नाही, तो पीपीआर. आधी ताप येतो, मग नाक-डोळे वाहतात, तोंडात व्रण पडतात, हगवण लागते आणि न्यूमोनिया होतो. भारतात त्याची पहिली नोंद 1987 मध्ये तमिळनाडूत झाली. त्यावर मात्र आपल्याकडे उत्तम लस आहे. हिमाचल प्रदेशातल्या सुंग्री इथल्या शेळीतून मिळालेल्या विषाणूपासून भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेच्या मुक्तेश्वर केंद्रात ती तयार झाली. कातडीखाली एकच टोचणी, आणि निदान तीन वर्षं संरक्षण. करडू तीन-चार महिन्यांचं झालं की द्यावी. त्याआधी आईच्या चिकातून मिळालेली शक्तीच लसीला निष्प्रभ करते.

ही लस बर्फातच ठेवावी लागते आणि पाण्यात मिसळल्यावर तास-दोन तासांत संपवावी लागते. म्हणून लसीकरणाचा सांगावा आला की शेळ्या रानात सोडू नका, दारात बांधून ठेवा. तुम्ही दुपारी याल तेव्हा उघडलेल्या बाटलीतली लस निकामी झालेली असेल. आंत्रविषाराची लस मात्र दरवर्षी, पावसाळ्याच्या तोंडावर द्यायची. पहिल्यांदा देत असाल तर पंधरा दिवसांनी पुन्हा टोचून घ्यायची. कोवळं गवत हावरेपणानं खाल्लं की हा रोग एका रात्रीत धष्टपुष्ट करडू नेतो. आणि बाजारातून आणलेली नवी शेळी तीन आठवडे वेगळी बांधा, लगेच कळपात सोडू नका.

पीपीआरचा सख्खा भाऊ म्हणजे गुरांची बुळकांडी. आपल्या आज्या-पणज्यांनी तिच्या साथीत गोठेच्या गोठे रिकामे झालेले पाहिले. 2011 मध्ये ती जगातून हद्दपार झाल्याचं जाहीर झालं, तेही लसीच्या जोरावर. पीपीआरलाही 2030 पर्यंत तसंच घालवायचं जगानं ठरवलं आहे. क्षयाची खात्रीची लस शेळीसाठी येईल तेव्हा येईल. जी आज आहे, ती आपल्या दारातल्या प्रत्येक शेरडाला मिळाली का, एवढं आपण पाहू या.