पाटाचे पाणी आणि गोगलगाई

व्याख्यानाचा विषय गोगलगाय आहे असे कळल्यावर काही श्रोत्यांना हसू आले असेल, तर त्यात नवल नाही. संथ माणसाची थट्टा करावयाची असेल तेव्हाच आपल्याला या प्राण्याची आठवण होते. परंतु आपल्या नगर जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील, हजारो घरांचा संसार पाटाचे पाणी आणि गोठ्यातील जनावरे यांवर चालतो. या दोहोंच्या मध्ये ही गोगलगाय बसलेली आहे. म्हणून तिची नीट ओळख करून घेणे अगत्याचे आहे, असे आम्हांस वाटते.

ओळखण्याची पहिली रीत अगदी सोपी आहे. काठावरचा रिकामा शंख उचलावा आणि टोक वर, तोंड आपल्याकडे, असा धरावा. तोंड उजवीकडे आले तर शंख उजवा, डावीकडे आले तर डावा. देव्हाऱ्यात ज्याची पूजा होते तो दुर्मिळ दक्षिणावर्ती शंख या रीतीने धरला, तर डावा ठरतो; कारण परंपरेने तो टोक खाली करून पाहतात.

दुसरी खूण झाकणाची. काही जाती आत शिरताना तोंडावर झाकण ओढून घेतात. गोलसर, हिरवट तपकिरी बेलामिया आणि मळसूत्रासारखी लांबट मेलॅनॉइडिस या त्यांपैकी होत. बाकीच्यांना झाकण नसते. त्या फुप्फुसासारख्या पिशवीने हवा घेतात आणि त्यासाठी पुन्हापुन्हा पाण्याच्या पृष्ठभागावर येतात. आपले आजचे काम या बिनझाकणाच्या मंडळींशी आहे. त्यांत तीन मुख्य. लिम्निया हिचा शंख पातळ, टोकदार, उजव्या व मोठ्या तोंडाचा. इंडोप्लॅनॉर्बिस ही चकलीसारखी चपटी गुंडाळी. हिचे रक्त तांबडे असते. फायसा ही लहान, चकचकीत, डाव्या तोंडाची. ती मूळची अमेरिकेतील, पण आता महाराष्ट्रातील शहरी ओढ्यांत व गटारांतही आढळते.

या पसरतात कशा? या तिन्ही जातींत प्रत्येक प्राणी नर आणि मादी दोन्ही असतो आणि प्रसंगी एकट्यानेही प्रजा निर्माण करू शकतो. म्हणजे नवे तळे वसवावयास एकच गोगलगाय पुरे. त्यांची बुळबुळीत अंडी पाणवनस्पतींना चिकटतात आणि पुराबरोबर, पक्ष्यांच्या पायांबरोबर किंवा शोभेच्या मत्स्यपेटीतील वनस्पतींबरोबर दूरवर जातात. इंडोप्लॅनॉर्बिस तर पाणी आटल्यावर ओल्या चिखलात दडी मारून दिवस काढते.

आता आपल्या जिल्ह्याकडे पाहू. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले आणि प्रवरेचे पाणी कालव्यांनी दुष्काळी मुलखात खेळू लागले. पुढे मुळा धरण झाले. जायकवाडीचा फुगवटा नेवासे व शेवगावपर्यंत आला. या पाण्याने ऊस आणला, दूध आणले, समृद्धी आणली. पण दोन आवर्तनांच्या मधल्या काळात चाऱ्यांत डबकी उरतात, गवत माजते, जमिनी चिबडतात. आणि गोगलगाईंना नेमके हेच हवे असते.

गोगलगाय स्वतः निरुपद्रवी आहे. प्रश्न आहे तो तिच्या पोटातील पाहुण्यांचा. जनावराच्या यकृतात राहणाऱ्या पर्णकृमीची अंडी शेणावाटे पाण्यात पडतात. अंड्यातून निघालेल्या सूक्ष्म डिंभाला सुमारे एका दिवसात लिम्निया सापडली नाही, तर तो मरतो. सापडली तर तिच्या शरीरात एकाचे शेकडो होतात, बाहेर पडतात आणि पाणकाठच्या गवताला चिकटून कवच धारण करतात. ते गवत जनावराने खाल्ले की कृमी आतड्यातून यकृतात शिरतो. मेंढी खंगते, जबड्याखाली सूज येते. गायीचे दूध घटते. हे गूढ १८८० नंतरच्या दोनतीन वर्षांत इंग्लंडमध्ये टॉमस आणि जर्मनीत लॉयकार्ट यांनी स्वतंत्रपणे उलगडले.

इंडोप्लॅनॉर्बिसमधील काही कृमी तोंडावाटे नव्हे, तर कातडीतून शिरतात. त्यांतील एक बैलाच्या नाकातील शिरांत ठाण मांडतो. नाकात गाठी येतात आणि बैल घोरू लागतो. हेच डिंभ माणसाच्या कातडीत शिरले तर तेथेच मरतात, पण अंगाला खाज सुटते. डबक्यात उतरून काम करणाऱ्यांच्या पायांची खाज कधी कधी यातलीच असते.

माणसात वाढणारा असा रक्तकृमी इजिप्तमध्ये बारमाही कालव्यांबरोबर फैलावला, हे प्रसिद्धच आहे. आपल्याकडेही रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी या गावी मूत्रमार्गाच्या अशा रोगाचे केंद्र असल्याचे गाडगीळ व शहा यांनी १९५२ साली जाहीर केले आणि टोपीसारख्या एका चिमुकल्या गोगलगाईवर बोट ठेवले. हा रोग देशभर पसरला नाही, हे आपले भाग्य. पण पाणी खेळवताना पाण्यातील जीवांचाही विचार करावा, हा धडा त्यात आहे.

मग काय करावे? सर्व गोगलगाई मारण्याच्या मागे लागू नये. मोरचुदाने त्या मरतात, पण मासेही मरतात. ही एक साखळी आहे आणि साखळी एका कडीवर तुटली तरी पुरे. शेण पाण्याकाठी पडू न देता खड्ड्यात नीट कुजवावे. कुजताना निर्माण होणाऱ्या उष्णतेने अंडी मरतात. जनावरांना डबक्यावर न नेता हौदात पाणी पाजावे. पाटाकडेचे गवत चांगले वाळवूनच घालावे. चाऱ्यांतील गवत काढावे आणि जंताचे औषध पशुवैद्याच्या सल्ल्याने वेळेवर द्यावे.

हे काम शेतकऱ्याचे, आपले काय, असे शहरवासीयांनी म्हणू नये. आपल्या चहातील दूध त्याच गोठ्यातून येते. निदान घरच्या मत्स्यपेटीतील पाणी व वनस्पती सीनेत किंवा ओढ्यात टाकू नयेत, एवढे तर आपल्या हातचे आहे. धरणे बांधून आपण पाणी आणले. आता त्या पाण्याशी जाणतेपणाने वागण्याची जबाबदारी गावाइतकीच शहराचीही आहे.